उलटा टांगलेला खजूर: ऊरच्या राणी पुआबीच्या दागिन्यांचं प्रकरण

फिलाडेल्फियाच्या पेन संग्रहालयात एक सोनेरी-निळा मुकुट कित्येक वर्षं मांडलेला होता. बारीक निळ्या मण्यांची पट्टी, तिच्यावर सोन्याची सांबरं, हरणं, बैल, बोकड आणि मधूनमधून फळांच्या डहाळ्या. आज तो मुकुट नाही. चोरीला गेला नाही की वितळवलाही गेला नाही. मणी तेच आहेत, सोनंही तेवढंच आहे, फक्त ओवणी उसवून त्याचे वेगवेगळे सर केले आहेत. मधल्या काळात त्या वस्तूचा अर्थ दोनदा बदलला आणि तो बदलायला सोन्याची कुठलीही नवी चाचणी लागली नाही. पदकं कुठे पडली होती आणि त्यांचं तोंड कुठल्या दिशेला होतं, एवढंच पुन्हा पाहावं लागलं.

प्राचीन दागिन्यांविषयी लिहिताना सोन्याचा कस आणि कारागिरी यांवरच शाई खर्च होते. ऊरच्या या प्रकरणात खरा पुरावा सोन्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला आहे: कुजलेल्या दोऱ्यात, विरघळलेल्या चांदीत, मण्यांच्या जागेत.

जागा

ऊर हे प्राचीन सुमेरमधलं शहर, म्हणजे दक्षिण इराकमध्ये नासिरियाजवळचं तेल अल-मुकय्यर. ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं संग्रहालय यांनी मिळून 1922 ते 1934 या काळात तिथे खोदलं. प्रमुख होते लेनर्ड वुली. पहिल्याच वर्षी एका चरात सोन्याचे मणी दिसले आणि वुलींनी तो चर बंद केला. मजुरांचा हात अजून बसलेला नव्हता, थरांचा कालक्रमही हाताशी नव्हता. शिवाय मणी चरातून थेट सोनाराकडे जात होते. त्यावर त्यांनी काढलेला उपाय सरळ होता: सोनार देईल त्याहून जास्त बक्षीस. मणी परत आले, पण कुठल्या थरातून निघाले ते मात्र परत आलं नाही. दफनभूमीला पुन्हा हात लावला तो 1926 साली, चार वर्षांनी. पुढचं जे काही आपल्याला कळतं, त्याचं निम्मं श्रेय या चार वर्षांच्या थांबण्याला आहे.

तिथे सुमारे 1850 दफनं निघाली. त्यांतल्या 16 दफनांना वुलींनी 'राजदफनं' म्हटलं. निकष दोन: बांधलेली खोली आणि सोबत मेलेली माणसं. पुआबीचं दफन हे त्यांपैकी एक, इ.स.पू. 2500 च्या आगेमागे. वुलींच्या दफन-क्रमांकांत ते पीजी 800. कमानीचं छत असलेली दगड-विटांची ही खोली चोरांनी कधीच फोडलेली नव्हती. 4 जानेवारी 1928 रोजी वुलींनी अमेरिकेला तार केली ती लॅटिनमध्ये, म्हणजे वाटेतल्या तारमास्तरांना काही कळू नये. त्या तारेत रत्नं, फुलांचे मुकुट आणि प्राण्यांच्या आकृत्या यांचा उल्लेख आहे. राणीचं नाव मात्र 'शुबाद' असं आहे. हे सुमेरी वाचन चुकीचं ठरलं. आता तेच चिन्हसमूह अक्कादी पद्धतीने 'पुआबी' असे वाचतात.

नाव आलं कुठून? तिच्या उजव्या दंडाजवळ सापडलेल्या लाजवर्दाच्या, म्हणजे गडद निळ्या खड्याच्या, दंडगोल मुद्रेवरून. मुद्रेवर तिचं नाव आणि पुढे 'निन', म्हणजे राणी किंवा स्वामिनी. त्या काळच्या स्त्रियांच्या मुद्रांवर नवऱ्याचं नाव येणं नवलाचं नव्हतं, इथे ते नाही. एवढ्यावरून ती स्वतःच्या अधिकारात राज्य करत होती असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. मुद्रा तेवढं सांगत नाही. ती कुणाची तरी बायको म्हणून ओळखली जावी असं मुद्रा करवून घेणाऱ्याला वाटलं नाही, इतकंच ती सांगते.

डोक्यावरचं सोनं कसं उचललं

पुआबीचा बांधा लहान होता, उंची पाच फुटांना जेमतेम कमी, वय चाळिशीच्या आसपास. कवटी मातीच्या दाबाने चिरडलेली. तिच्यावर आणि भोवती हे होतं: केसांवरून वेढे घेत गेलेली सोन्याच्या पत्र्याची लांब फीत, कपाळावर लाजवर्द आणि तांबड्या अकीक मण्यांच्या सरात लटकणाऱ्या सोन्याच्या कड्या, त्यावर सोन्याच्या रुंद पानांची माळ, तिच्यावर तीन-तीनच्या जुडग्यातली लांब विलोपानं आणि निळ्या-पांढऱ्या जडावाची फुलं. मागे फणी, तिच्यावर सात फुलं, प्रत्येक फूल आठ पाकळ्यांचं. शिवाय होडीच्या आकाराची, आतून पोकळ, हाताच्या पंजात जेमतेम मावतील एवढी मोठी कर्णभूषणं.

अशा वेळी घाई करणारा माणूस एकेक तुकडा वेचतो, डबीत टाकतो आणि सगळा पुरावा तिथेच संपतो. वुलींनी फितीच्या वेढ्यांमधून गोंद लावलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या विणल्यासारख्या घातल्या. त्या वाळल्यावर वेढ्यांमधलं अंतर पक्कं झालं आणि जाळीसकट फीत एकसंध उचलता आली. बाकीच्या दफनांतल्या ठिसूळ डोक्यांवर वितळलेलं मेण ओतून, कापड दाबून, मातीच्या ढेकळासकट ती उचलली.

फायदा काय झाला? फितीचे वेढे डोक्याच्या घेरापेक्षा बरेच मोठे निघाले. म्हणजे फीत डोक्याला नव्हे, भल्यामोठ्या केशरचनेला गुंडाळलेली होती आणि ती रचना बहुधा खोट्या केसांच्या टोपाची होती. केस पार कुजले, पण त्यांचं माप सोन्याने सांभाळलं. वुलींच्या पत्नी कॅथरीन यांनी त्या मापावर मेणाचं डोकं घडवलं आणि त्यावर हा साज चढवला. चेहरा अर्थातच कल्पनेतला. तो दुसऱ्याच कवटीच्या आधाराने बनवलेला होता, आणि पुढे लोकांनी 'राणीचा चेहरा' म्हणून तोच लक्षात ठेवला.

मुकुट कसा बनला आणि का मोडला

आता मूळ प्रकरण. राणीच्या डोक्यावर नव्हे, बाजूला, एका लाकडी वस्तूच्या अवशेषांपाशी हजारो बारीक लाजवर्द मण्यांचा पसारा पडला होता. त्यात सोन्याचे प्राणी, डाळिंबासारखी तीन फळांची झुबकी, सोन्याच्या देठांवर सोनं आणि अकीक यांची फळं असलेल्या डहाळ्या, आणि पिळलेल्या सोन्याच्या तारेच्या पंख्यासारख्या आकृत्या होत्या. मण्यांखाली पांढरट भुकटी होती. वुलींनी ती मऊ पांढऱ्या चामड्याची मानली, मणी त्या चामड्याच्या पट्टीवर शिवलेले होते असं ठरवलं आणि सगळं एकाच मुकुटात बसवलं. डहाळ्या उभ्या, फळं वर. पिळलेल्या तारेच्या आकृत्या खालच्या काठाला.

यात तीन अनुमानं एकावर एक रचली आहेत. भुकटी म्हणजे चामडं. चामडं म्हणजे एकच पट्टी. एक पट्टी म्हणजे एकच दागिना. पहिलं निसटलं की वरची दोन्ही कोसळतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एका डब्यात मंगळसूत्र, ठुशी आणि बोरमाळ एकत्र ठेवली आणि दोरे कुजून गेले. शंभर वर्षांनी डबा उघडणाऱ्याला काळे मणी, सोन्याचे मणी आणि दोन वाट्या मिळाल्या. त्याने सगळं एका हारात ओवलं तर हार सुंदर होईल, पण सौभाग्याची खूण असलेल्या वाट्या नुसती शोभेची पदकं ठरतील. दागिना पटवेकऱ्याकडे गाठवायला देताना घरातल्या बायका समोर बसून ओवणीचा क्रम का सांगतात, ते यावरून कळेल.

1998 मध्ये पेनच्या संग्रहाची सूची करताना या मुकुटाच्या एकसंधपणावर शंका घेतली गेली. 2000 साली वनस्पतींच्या अभ्यासक नेओमी मिलर यांनी दागिन्यांतल्या वनस्पतींवर लेख लिहिला. त्या प्राचीन धान्यं आणि फळं ओळखणाऱ्या अभ्यासक, त्यामुळे 'नक्षी' म्हणून सोडून दिलेल्या तुकड्यांकडे त्यांनी झाड म्हणून पाहिलं. पिळलेल्या तारेची आकृती म्हणजे खजुराच्या नर झाडाचा तुरा, आणि अकीक-सोन्याची फळं लागलेली डहाळी म्हणजे मादी झाडाचा घड. मग घड वर कसा राहील? खजुराचा घड वजनाने खालीच लोंबतो. मुकुटात तो उलटा बसवला होता. 'डाळिंबं' म्हटलेली झुबकीही मिलर यांच्या मते सफरचंदं आहेत.

हा तपशील किरकोळ वाटतो, पण दक्षिण इराकमध्ये तो किरकोळ नाही. खजुरात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचा तुरा कापून मादीच्या फुलोऱ्यात माणसाने हाताने बांधला तरच भरघोस पीक येतं. एका नराच्या तुऱ्यांवर कित्येक माद्या फळतात, म्हणून बागेत नर मोजकेच ठेवतात. ज्याने ही पदकं केली, त्याला दोन्ही फुलोरे वेगळे दाखवायचे होते आणि त्याने ते वेगळे दाखवले. सुमेरी काव्यात इनन्ना देवी आणि तिचा प्रियकर दुमुझी यांच्या शृंगारात खजूर येतोच. नर-मादी खजुरासोबत हरणं, बैल, बोकड आणि फळं पाहिली की विषय स्पष्ट होतो: वीण आणि सुगी. पाळीव आणि रानटी, शेत आणि गोठा, सगळं एकाच साजात. हे सगळं मुकुटावर होतं की वेगवेगळ्या सरांत लटकत होतं, यावर मात्र एक प्रश्न अवलंबून आहे: ते घालायचं होतं कुणी? त्याकडे शेवटी येऊ.

सोनं, लाजवर्द, अकीक: स्थानिक काहीच नाही

ऊरच्या आसपास गाळ, बोरू आणि खजूर. धातू नाही, मौल्यवान खडा नाही. राणीच्या अंगावरची प्रत्येक चमकदार गोष्ट बाहेरून आलेली.

लाजवर्द बदख्शानातला, आजच्या अफगाणिस्तानातल्या सर-ए-संगच्या खाणींच्या भागातला. सोन्यात प्लॅटिनम गटातल्या धातूंचे बारीक कठीण कण सापडतात. असे कण नदीच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्यात राहतात, कारण ते सोन्याइतकेच जड असतात आणि मुशीत वितळत नाहीत. घडवण्याची मुख्य रीत ठोकून पत्रा काढण्याची. फीत म्हणजे कापलेला पत्रा, पान म्हणजे कापून रेघा उमटवलेला पत्रा, तार म्हणजे पत्र्याची पट्टी पिळून केलेली. तार ओढायची जंत्री तेव्हा नव्हती. त्यामुळे भिंगाखाली अशा तारेवर स्क्रूसारखी तिरकी रेघ दिसते. बाजारात 'सुमेरी' म्हणून विकायला आलेल्या तुकड्यावर लांबीच्या दिशेने सरळ चरे दिसले तर ती ओढलेली तार आहे. तिथेच थांबावं.

ऊरच्या काही वस्तूंवर आणखी एक कसब दिसतं. सोन्यात चांदी आणि तांबं बरंच असलं तरी पृष्ठभाग मात्र कसदार. मिश्रधातू तापवून आणि खारट, आंबट लेप देऊन वरच्या थरातलं हीण काढून टाकायचं, मग घोटायचं. मुलामा नाही, उलट प्रकार: वर काही चढवलेलं नाही, आतलंच काढून घेतलेलं. नुसत्या वरवरच्या क्ष-किरण चाचणीने अशा वस्तूचा कस हमखास जास्त निघतो. म्हणून जुन्या अहवालांतले कसाचे आकडे पृष्ठभागाचे आहेत की आतल्या धातूचे, हे पाहिल्याशिवाय दोन दागिन्यांची तुलना करू नये.

अकीक भारतीय उपखंडातून. ऊरच्या दफनांत लांबट, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते तांबडे मणी आहेत, पांढऱ्या रेघांची नक्षी भाजून काढलेलेही आहेत. ही दोन्ही सिंधू संस्कृतीच्या कारखान्यांची ओळख, सिंधमधल्या चन्हुदडोसारख्या ठिकाणची. कच्चा माल गुजरातेतल्या रतनपूरच्या खाणींसारख्या ठिकाणचा. खंभातच्या कारागिरांकडे अकीक भाजून लाल करण्याची रीत अजून चालू आहे. लांब मण्याला भोक पाडणं हे खरं किमतीचं काम. खास कठीण दगडाच्या सामत्याने केलेल्या प्रयोगांत तासाला सुमारे 2.5 मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे 6 सेंटिमीटरच्या मण्याला 24 तास सलग छिद्रण, आणि शेवटच्या तासाला मणी तडकला तर सगळं पाण्यात. एवढी मेहनत कुठल्याही सोन्याच्या पानाला लागलेली नाही. त्या काळी त्या अंगावर सगळ्यात महाग वस्तू कुठली होती, याचं उत्तर आजच्या तोळ्याच्या भावाने देता येत नाही.

रुंद पानांचीही अशीच गोष्ट. वुलींनी ती बीच झाडाची म्हटली, नंतर संग्रहालयीन नोंदींत पॉप्लर आलं. 2008 मध्ये तेंगबर्ग, पॉट्स आणि फ्रांकफोर्त यांनी ती शिसमची आहेत असं मांडलं. शिसमचं लाकूड पूर्वेकडून समुद्रमार्गे येई. पानाचा गोलसर आकार आणि एकाएकी निमुळतं होणारं टोक पाहिलं तर शिसम पटतो. आपल्या रस्त्याकडेच्या शिसमचं पान शेजारी धरून पाहावं.

सोन्याची फीत, चांदीची फीत

राणीच्या दफनाजवळच पीजी 1237 हा 'मोठा मृत्यूखड्डा'. त्यात 74 जण ओळीने निजलेले: वुलींच्या मोजणीत 68 स्त्रिया आणि 6 पुरुष. 28 स्त्रियांच्या केसांत सोन्याची फीत. बाकीच्यांच्या केसांत काही नाही. पहिलं अनुमान साहजिक होतं: वरच्या दर्जाच्या 28, बाकीच्या दासी.

मग कवट्यांवर जांभळट डाग दिसू लागले. ऊरची माती खारी. तिच्यात चांदीचं क्लोराइड होऊन भुकटी होते आणि जांभळट छटा तेवढी मागे राहते. म्हणजे बाकीच्यांच्या केसांतही फीत होती, चांदीची. 'सोनं असणाऱ्या आणि नसणाऱ्या' हा भेद नव्हताच. भेद होता सोनं आणि चांदी असा, आणि तो मातीने मोठा करून दाखवला. मराठी घरात हे लगेच कळावं. कमरेच्या वर सोनं आणि पायात चांदी हा नियम ज्याला ठाऊक नाही त्याला पैंजण गरिबीची खूण वाटेल, आणि खारट जमिनीत पैंजण विरघळून गेले तर नियमाचा पत्ताच लागणार नाही.

हा अंदाज पक्का झाला तो एका मुलीमुळे. तिच्या केसांत ना सोनं ना जांभळा डाग. कमरेच्या उंचीवर मात्र एक करडी चकती होती, सुमारे तीन इंचांची, एखाद्या छोट्या डबीसारखी. साफ केल्यावर कळलं: चांदीची फीत, घट्ट गुंडाळलेली, सुटू नये म्हणून टोकं वरून आणलेली. कपड्याच्या खिशात राहिली, कापडाने मिठापासून वाचवली. वुलींनी त्यावरून उशीर झालेल्या मुलीची गोष्ट सांगितली: फीत बांधायला वेळ मिळाला नाही, खिशातच राहिली. गोष्ट हृद्य आहे, सिद्ध काहीच करत नाही. पुराव्याच्या दृष्टीने त्या गुंडाळीचं मोल वेगळं आहे. बाकीच्या डोक्यांवरचा डाग कशाचा, हे तिने सांगितलं.

68 या आकड्याबद्दलही सावध राहावं. हाडं चुरगळलेली असल्याने स्त्री-पुरुष बहुतेक ठिकाणी दागिन्यांवरून ठरवले गेले. मग 'स्त्रिया फीत घालत' असा निष्कर्ष त्याच यादीतून काढला तर गोल फिरून आपण निघालो तिथेच येतो.

वुलींना वाटलं होतं की हे सगळे पेल्यातलं विष पिऊन शांतपणे निजले, कारण दागिने जागच्या जागी होते, झटापटीची खूण नव्हती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅन अभ्यासात दोन कवट्या तपासल्या, एक या खड्ड्यातल्या स्त्रीची आणि एक पीजी 789 मधल्या सैनिकाची. दोन्हींवर टोकदार हत्याराच्या घावाच्या खुणा होत्या. शरीरं तापवलेली आणि पाऱ्याच्या संयुगाने टिकवलेली होती. म्हणजे आधी मारलं, मग प्रेतं राखली, मग साज चढवून ओळीत मांडलं. दागिने नीट होते त्याचं कारण शांत मरण नव्हे. ते मेल्यावर घातले होते. दोन कवट्यांवरून सगळ्या खड्ड्यांचा निवाडा करता येत नाही, पण 'नीटनेटके दागिने म्हणजे स्वेच्छेचं मरण' हे गणित त्या दोघांपुरतं तरी मोडलं.

अंगावर काय, बाजूला काय

धार्मिक अर्थाचा प्रश्न निघाला की बहुतेक जण इनन्नाच्या पाताळयात्रेकडे धावतात. देवी मृत्युलोकात उतरते, सात दारांवर तिचा एकेक साज काढून घेतात: शिरोभूषण, लाजवर्दाचे छोटे मणी, छातीवरचे जोडमणी, उरोभूषण, सोन्याचं कडं, लाजवर्दाची मोजपट्टी, शेवटी राजवस्त्र. पुआबीच्या अंगावर यातलं बरंच आहे, फणीवर आठ पाकळ्यांची इनन्नाशी जोडली जाणारी फुलं आहेत, आणि फुलांचा आकडाही सात. मोह होतो. पण त्या काव्याच्या हाताशी असलेल्या प्रती पुआबीनंतर कित्येक शतकांच्या आहेत, आणि त्यात साज काढून घेतला जातो. पुआबीचा एकही काढलेला नाही.

तिच्यापुरता जवळचा वाटतो दुसरा सुमेरी ग्रंथपाठ, ऊरचाच राजा ऊर-नम्मा याच्या मृत्यूवरचा. तोही उशिराचाच, पण त्यातली कृती इथल्या मांडणीशी जुळते. राजा पाताळात पोहोचतो आणि तिथल्या देवदेवतांना एकेक भेट देत जातो: शस्त्रं, वस्त्रं, दागिने. म्हणजे मृतासोबत पुरलेलं सोनं दोन प्रकारचं असू शकतं: स्वतःची ओळख म्हणून अंगावर राहणारं आणि पुढे कुणाच्या तरी हाती द्यायचं.

या नजरेने पीजी 800 पुन्हा पाहिलं तर विभागणी दिसते. फीत, पानांच्या माळा, फणी, खांद्यापासून कमरेपर्यंतचा मण्यांचा झगा, बोटांतल्या दहा अंगठ्या आणि लाजवर्दाच्या डोक्याच्या सोन्याच्या टाचण्यांजवळची नावाची मुद्रा, हे सगळं अंगावर. प्राणी, खजुराचे घड आणि हजारो निळे मणी मात्र डोक्यापासून दूर, न घातलेले. एक मुकुट असता तर 'राणीचा दुसरा मुकुट' म्हणून विषय मिटला असता. वेगवेगळे सर असतील, तर ते तिने घालायला आणलेलेच असतील असं धरून चालता येत नाही.